पाखरांचा हजेरीपट

ज्यानें उभा जन्म शाळामास्तरकींत घालविला, त्याला हजेरीपटाचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. रोज सकाळीं नांवें पुकारावयाचीं, नांवापुढें एक खूण करावयाची, आणि महिना संपला कीं बेरीज मांडावयाची. याहून कंटाळवाणें काम शाळेंत दुसरें नसेल. त्या खुणेला त्या दिवशीं कांहीं किंमत नसते. परंतु दहापांच वर्षांनीं एखाद्याच्या वयाचा किंवा शिक्षणाचा वाद उपस्थित होतो, तेव्हां मास्तरांच्या आठवणीला कोणी विचारीत नाहीं. कपाटांतला धुळीनें माखलेला तो पटच बोलूं लागतो.

आज मला आपणांस अशाच एका हजेरीपटाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो मुलांचा नव्हे, पाखरांचा आहे. पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे, ही गोष्ट आतां नवी राहिलेली नाहीं. १८५० ते १९०० या अर्धशतकाशीं तुलना केली असतां २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें सरासरी तापमान सुमारें १.१ अंश सेल्सियसनें वाढलें होतें. घरांत बसणाऱ्या माणसाला एक अंश म्हणजे कांहींच वाटत नाहीं. परंतु ज्यांना घर नाहीं, ज्यांचें सारें जीवित ऋतूंच्या वेळापत्रकावर चालतें, त्या पाखरांना तो किती जाणवला? या प्रश्नाचें उत्तर आज पुष्कळ अंशीं देतां येतें, आणि तें देतां येण्याचें श्रेय ज्यांनीं निमूटपणें पट भरला अशा थोड्या माणसांकडे जातें.

पाखरें जातात कोठें व येतात कोठून, हें कोडें फार प्राचीन आहे. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें लिहून ठेविलें कीं, कांहीं पक्षी हिंवाळ्यांत बिळांत दडून निजतात, व कांहींचें तर दुसऱ्याच जातींत रूपांतर होतें. त्याचा अधिकार एवढा मोठा कीं, दोन हजार वर्षेंपर्यंत पाकोळ्या हिंवाळ्यांत दडून बसतात असें विद्वान मानीत राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स मॉर्टन नांवाच्या इंग्रज पंडितानें तर पाखरें चंद्रावर जातात असा सिद्धांत मांडला. आपल्याकडे कालिदासानें ‘मेघदूतां’त मेघाच्या सोबतीला मानससरोवराकडे निघालेले हंस दिले आहेत. कवीच्या वर्णनाला शास्त्र म्हणतां येणार नाहीं. तरी हिमालयापलीकडे जाणाऱ्या पाखरांची वाट या देशांतील लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली होती, एवढें त्यावरून खास दिसतें.

युरोपांत या कोड्याची उकल एका जखमी करकोच्यानें केली. १८२२ सालीं जर्मनींतील मेक्लेनबुर्ग प्रांतांत क्ल्युत्स गांवाजवळ एक पांढरा करकोचा मारण्यांत आला. त्याच्या मानेंतून हातभर लांबीचा एक बाण आरपार गेलेला होता, आणि त्या बाणाचें लांकूड मध्य आफ्रिकेंतील होतें. तो बाण घेऊनच पक्षी हजारों मैल उडत स्वदेशीं परतला होता! पेंढा भरलेला तो करकोचा रोस्टोक येथील विद्यापीठांत जपून ठेवला आहे. चंद्राचा सिद्धांत त्या बाणानें कायमचा घायाळ केला.

परंतु बाणाची वाट पाहत शास्त्र चालत नाहीं. प्रत्येक पाखराला नांवगांव असावें, म्हणजे तें कोठून आलें हें निश्चित कळेल, ही युक्ति पद्धतशीरपणें अमलांत आणणारा गृहस्थ डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गांवचा एक शाळामास्तर होता, हें सांगतांना मला थोडा जातीचा अभिमान वाटतो. त्याचें नांव हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन. प्रथम त्यानें जस्ताचीं कडीं करून पाहिलीं. तीं पक्ष्यांना जड होत. मग १८९९ सालीं ॲल्युमिनियमचीं हलकीं कडीं करून, त्यांवर अनुक्रमांक व आपल्या गांवाचें नांव ठोकून, १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत त्यानें तीं अडकविलीं. हिंवाळ्यांत आपल्या ज्वारीच्या शेतांवर ज्यांचे थवे उतरतात त्या भोरड्यांचे हे स्टार्लिंग भाऊबंद होत. जगांतील सर्व पक्षिवलयांकनाचा उगम त्या मास्तराच्या कड्यांत आहे. मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळानें डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं १९५९ पासून स्थलांतरित पक्ष्यांना कडीं घालण्याचें जें मोठें कार्य हातीं घेतलें, तें याच परंपरेंतील होय.

पाखरूं कोठून आलें, हें कड्यानें कळलें. तें कधीं आलें, हें कळण्यास मात्र कड्याची नव्हे, तारखेची गरज असते. इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाचा एक जमीनदार होता. १७३६ सालीं त्यानें वसंताच्या खुणा टिपून ठेवण्यास आरंभ केला. ओकला पालवी कधीं फुटली, पहिली पाकोळी कधीं दिसली, कक्कूचा पहिला आवाज कोणत्या दिवशीं कानीं पडला, नाइटिंगेल केव्हां गाऊं लागला, अशा सत्तावीस खुणा त्यानें ठरविल्या होत्या. १७८९ मध्यें रॉयल सोसायटीनें त्याचें टिपण छापलें, आणि १७९७ सालीं तो वारला. परंतु वही बंद पडली नाहीं. मुलानें, नातवानें, पुढच्या पिढ्यांनीं, मध्यें कांहीं वर्षांचा खंड सोडल्यास, १९५८ पर्यंत ती चालविली. एका घराण्यानें दोन शतकें वसंताची हजेरी घेतली! त्यांतील एकालाही आपण हवामानाच्या फेरबदलाचा पुरावा गोळा करीत आहों असें स्वप्नांतही आलें नसेल. पुढें शास्त्रज्ञांनीं त्या तारखा तपमानाशीं ताडून पाहिल्या, तेव्हां वसंत उबदार असला कीं पालवी व फुलें लवकर, आणि थंड असला कीं उशिरा, हा संबंध आंकड्यांनीं सिद्ध झाला.

येथें एक नाजूक गोष्ट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. झाड असतें जागच्या जागीं; ऊब वाढली कीं त्याला कळतें. पालवीवर पोसणाऱ्या सुरवंटालाही कळतें. परंतु जें पाखरूं हजारों मैलांवर आफ्रिकेंत हिंवाळा काढीत असतें, त्याला युरोपांतला वसंत लवकर आला हें कोण कळविणार? तें निघतें दिवसमानाच्या बदलावर आणि आपल्या अंगच्या घड्याळावर. आणि पृथ्वी कितीही तापली तरी दिवसाच्या लांबीत त्यामुळें काडीमात्र फरक पडत नाहीं.

या विसंगतीची परीक्षा नेदरलंड्समध्यें झाली. तेथील अरण्यांत एक काळापांढरा माशीमार पक्षी घरटें करतो. वजन अवघें एक तोळाभर, आणि हिंवाळ्यांतील बिऱ्हाड पश्चिम आफ्रिकेंत. होगे वेलुवे येथील वनांत या पक्ष्यांसाठीं लांकडी पेट्या टांगून, कोणत्या पेटींत कोणत्या दिवशीं पहिलें अंडें पडलें याची वर्षानुवर्षें नोंद होत असे. क्रिस्तियान बोथ व मार्सेल व्हिसर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९८० ते २००० या वीस वर्षांच्या नोंदी तपासून २००१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. अंडीं घालण्याची तारीख सुमारें दहा दिवस अलीकडे आली होती. पण आफ्रिकेहून येऊन पोंचण्याची तारीख जवळजवळ होती तेथेंच होती. म्हणजे प्रवासानें थकलेला पक्षी येतो, विसांवा कमी करतो, घाईघाईनें संसार थाटतो. आणि तरीही सुरवंटांचा सुकाळ त्याच्या पिलांच्या आधींच ओसरूं लागतो. आपल्याकडे वरातीमागून घोडें म्हणतात, त्यांतलीच ही गत!

या म्हणीला आपण हंसतों; पिलांना मात्र तो उपासाचा प्रश्न असतो. २००६ सालीं त्यांच्याच पुढील संशोधनानें दाखविलें कीं, जेथें सुरवंटांचा हंगाम फार लवकर येऊन जातो, तेथील माशीमारांची संख्या दोन दशकांत सुमारें ९० टक्क्यांनीं घटली. जेथें हंगाम अद्याप उशिरा येतो तेथें घट अल्प होती. एकच देश, एकच पक्षी. अंतर पडलें तें केवळ हंगामाच्या वेळेचें.

सर्वच पक्षी असे अडून बसत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. मध्य युरोपांतील ब्लॅककॅप नांवाचा चिमुकला गाणारा पक्षी पूर्वीं हिंवाळ्यांत स्पेनकडे जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांतील पुष्कळ पक्षी दक्षिणेऐवजीं इंग्लंडकडे वळूं लागले. तेथील हिंवाळा सौम्य होत चालला होता, आणि बागांतून दाणापाणी ठेवणारे लोकही वाढले होते. पीटर बेर्टोल्ड या जर्मन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं दाखविलें कीं, अशा पक्ष्यांच्या पिलांना ती नवी दिशा जन्मजातच येते. म्हणजे निसर्गाचें वेळापत्रक बदलूं शकतें. प्रश्न एवढाच कीं, आपण हवा ज्या वेगानें तापवीत आहों, त्या वेगानें किती जातींना तें बदलतां येईल?

येथवर काळाची गोष्ट झाली, आतां स्थळाची. आणि या प्रकरणाचा नायक, माझ्या मतें या सगळ्या इतिहासाचाच नायक, अमेरिकेंतील जोसेफ ग्रिनेल हा होय. त्याचा जन्म १८७७ चा. १९०८ सालीं ॲनी अलेक्झांडर या विदुषीच्या दातृत्वानें कॅलिफोर्निया विद्यापीठांत पृष्ठवंशीय प्राण्यांचें संग्रहालय स्थापन झालें, आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षीं ग्रिनेल त्याचा पहिला संचालक झाला. त्या काळीं कॅलिफोर्नियांत शेतें, कालवे, शहरें झपाट्यानें वाढत होतीं. मूळची सृष्टि आपल्या डोळ्यांदेखत पुसली जाणार, हें त्यानें ओळखलें. म्हणून डोंगर, दरी, वाळवंट यांतून ठिकठिकाणीं तळ देऊन कोणत्या उंचीवर कोणता प्राणी आहे याची समग्र मोजदाद त्यानें आरंभिली. योसेमिटी प्रदेशाचीच पाहणी १९१४ पासून १९२० पर्यंत चालली होती.

त्याची शिस्त पाहिली म्हणजे हेडमास्तरांनींही मान लववावी. दिवसभर भटकून आल्यावर, कितीही थकवा असो, त्याच रात्रीं टिपण लिहिलेंच पाहिजे. शाई टिकाऊ पाहिजे. जागा, उंची, वेळ, झाडोरा, संख्या, सारें स्वच्छ आलें पाहिजे. अमुक गोष्ट महत्त्वाची आणि तमुक क्षुल्लक, असें ठरविण्याचा अधिकार टिपणाऱ्याला नाहीं. कारण पुढें कशाची गरज पडेल हें आज कोण जाणे? १९१० सालीं लिहिलेल्या एका लेखांत त्यानें स्पष्ट म्हटलें कीं, या संग्रहाची खरी किंमत आज कळणार नाहीं. पुष्कळ वर्षांनीं, कदाचित् शंभर वर्षांनीं, येणाऱ्या अभ्यासकाला ती कळेल. प्रत्येक जातीला ऊब, ओल, आसरा यांची स्वतःची अशी एक जागा सृष्टींत असते, हा विचारही १९१७ सालीं कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्यावरील निबंधांत त्यानें मांडला. त्यासाठीं त्यानें योजलेल्या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेंत ‘कोनाडा’ असा होतो. भिंतींतील कोनाड्यांत जशी पणती, तसा सृष्टींतील आपल्या कोनाड्यांत प्रत्येक जीव.

१९३९ सालीं ग्रिनेल वारला. वह्या कपाटांत राहिल्या. आणि त्यानें म्हटल्याप्रमाणें जवळजवळ शतकानें, २००३ पासून, त्याच संग्रहालयांतील शास्त्रज्ञ क्रेग मॉरिट्झ, स्टीव्हन बाइसिंगर आणि त्यांचे सहकारी त्या वह्या हातीं घेऊन त्याच वाटांनीं, त्याच तळांवर पुन्हां गेले. जुनीं छायाचित्रें पाहून तीच जागा शोधावयाची, आणि हजेरी पुन्हां पुकारावयाची! यांत एक अडचण होती, ती मास्तर मंडळींना चटकन् समजेल. नांव पुकारल्यावर ‘हजर’ न म्हणणारा मुलगा गैरहजर असेलच असें नाहीं; मागच्या बांकावर डुलकी घेत असेल. त्याचप्रमाणें न दिसलेला पक्षी तेथें नाहींच असें म्हणतां येत नाहीं. म्हणून एकाच जागीं अनेकदां पाहणी करून, दिसण्याची शक्यता गणितानें ठरवून मगच त्यांनीं निर्णय दिला.

तो निर्णय काय होता? योसेमिटींत तपासलेल्या लहान सस्तन प्राण्यांच्या २८ जातींपैकीं निम्म्यांनीं आपलें वसतिस्थान सरासरी ५०० मीटरच्या सुमारास वर डोंगरांत नेलें होतें. तेथील किमान तपमान शतकांत सुमारें ३ अंशांनीं वाढलें होतें. सिएरा नेव्हाडा पर्वतांतील पक्ष्यांच्या ५३ जाती तपासल्या, तेव्हां ४८ जाती आपापल्या मानवणाऱ्या हवेच्या मागोमाग गेलेल्या आढळल्या. कोनाडा सरकला, आणि पणती त्याच्यामागून निघाली. मात्र सगळे वरच गेले असें समजूं नये. पक्ष्यांच्या सीमांचे जे फेरबदल झाले, त्यांतील निम्मेच वरच्या दिशेचे होते. ऊब त्यांना वर लोटते, पण पावसाची ओढ कित्येकांना खालीं खेंचते. ज्याला जें अधिक निकडीचें, त्याप्रमाणें तो वळतो. कित्येकांनीं तर जागा न सोडतां वेळच सोडली. शतकापूर्वींच्या मानानें ते ५ ते १२ दिवस आधीं घरटीं करूं लागले आहेत, व त्यामुळें पिलांना पूर्वींइतकीच ऊब लागते.

ही झाली डोंगराची कथा, आणि तींत थोडी आशा आहे. कारण डोंगराला वर जागा असते, निदान शिखरापर्यंत. वाळवंटाला ती नाहीं. मोहावी वाळवंटांतील ग्रिनेलच्या ६१ ठिकाणीं पुन्हां पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. एकेका ठिकाणच्या पक्ष्यांच्या जाती सरासरी ४३ टक्क्यांनीं कमी झाल्या होत्या! तेथील हवा अधिक तप्त व अधिक कोरडी झाली आहे. पक्ष्याला अंग थंड ठेवण्यास पाणी खर्चावें लागतें. आणि वाळवंटांत पाण्याहून महाग दुसरें काय आहे? त्याच वाळवंटांतील लहान सस्तन प्राणी मात्र बरेचसे टिकून राहिले, कारण दिवसाच्या तापांत ते बिळांत शिरतात. ज्याला पंख होते तो हरला, आणि ज्याला बीळ होतें तो तरला.

आतां एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. पाखरूं दिसेनासें झालें कीं दोष हवामानाच्याच माथीं मारण्याची घाई करूं नये. भरतपूरच्या सरोवरावर येणारे सैबेरियाचे पांढरे क्रौंच २००२ नंतर आलेच नाहींत. त्यांच्या ऱ्हासामागें वाटेवरील शिकार आणि पाणथळ जागांचा नाश हीं कारणें ठळक आहेत. तळें बुजविणें, माळ नांगरणें, विषारी औषधें फवारणें, यांनीं पाखरांचे कोनाडे आपण आधींच मोडीत आणले आहेत; तापमान त्यावर आणखी घाव घालतें. कोणता घाव कोणाचा, हें निवडावयाचें तर पुन्हां पट पाहिजे, आणि तो जुना पाहिजे.

आणि येथें मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. शाळेंत असतांना एका मुलानें मला विचारलें होतें, “मास्तर, अंगणांत शेपटी हलवीत फिरणारा तो धोबी पक्षी यंदा उशिरा आला काय?” मीं सांगितलें, “दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो तो.” मुलगा गप्प बसला, पण उत्तर चुकीचें होतें. तिथीनें येणारे सण अधिक मासामुळें मागेंपुढें सरकतात. धोब्याला अधिक मास ठाऊक नाहीं. हजारों मुलांची हजेरी मीं चोख ठेविली. परंतु धोबी कोणत्या तारखेला आला, चातकाची पहिली हांक कोणत्या दिवशीं ऐकली, हें एका वर्षींही लिहून ठेविलें नाहीं. लिहिलें असतें तर आज तीस वर्षांचा पट माझ्या हातीं असता. तो फुकट मिळत होता, आणि मीं घेतला नाहीं.

आपल्या शेतकऱ्यांनीं हें काम आपल्या परीनें केलें आहे. मृग नक्षत्र सूर्याच्या गतीवर असतें, म्हणून तें दरवर्षीं जूनच्या ७-८ तारखेसच लागतें. आणि मृगाच्या आगेंमागें चातक दिसला कीं पाऊस जवळ आला, ही त्यांची खूण पिढ्यान्पिढ्यांची आहे. उत्तर व मध्य भारतांत पावसाळ्यास येणारे हे चातक आफ्रिकेहून येतात असें मानतात. २०२० सालीं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनें दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशीं संधान ठेवणारीं इवलीं यंत्रें बसवून त्यांच्या वाटेचा माग काढण्याचा उपक्रम केला. २००७ पासून आपल्या देशांतील हौशी नागरिकही स्थलांतरित पाखरांच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा एकत्र कळवूं लागले. आणि २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारें तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटि नोंदींवर आधारलेला होता. थेंबें थेंबें तळें साचतें, तें असें. परंतु शंभर वर्षांपूर्वींचा थेंब आज कोठूनही आणतां येत नाहीं, ही आपली उणीव आहे.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंति फार लहान आहे. घरांत दिनदर्शिका असतेच. पहिली भोरडी, पहिला धोबी, पहिला चातक ज्या दिवशीं दिसेल, त्या दिवसाच्या चौकोनांत तसें लिहावें. वर्ष संपल्यावर ती दिनदर्शिका रद्दींत न घालतां जपून ठेवावी, आणि मुलांना पुढें चालविण्यास सांगावें. तिचा उपयोग काय, असें कोणी विचारील. मार्शमला तो सांगतां आला नसता. ग्रिनेलला एवढेंच ठाऊक होतें कीं विचारणारा अजून जन्माला यावयाचा आहे. माझ्या दिनदर्शिकेवर गेल्या सप्टेंबरपासून धोब्याची पहिली नोंद झाली आहे. साठी उलटल्यावर पट उघडणें म्हणजे फार उशीर झाला, हें खरें. पण दुसरें पान लिहिणारा कोणी निघाला, तर पहिलें पान तयार आहे.